परसबागेत मोठा भोपळा : मुलांसाठी एका हंगामाचा उद्योग

लेकीकडे पाहुणचार घेऊन धष्टपुष्ट झालेली म्हातारी भोपळ्यात बसून अरण्यातून परत येते व वाटेत टपून बसलेल्या वाघाला चुकविते, ही गोष्ट महाराष्ट्रातील बहुतेक सर्व मुलांनी ऐकलेली असते. माणूस मावेल एवढा भोपळा खरोखर होतो काय, असा प्रश्न गोष्ट ऐकणारे मूल हटकून विचारते. या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. एवढेच नव्हे, तर त्या उत्तराच्या शोधात मुलांना परसबागेतील कामाची गोडी लावता येते आणि घरातील आहारात एका मौल्यवान भाजीची भरही घालता येते.

कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात पिकविलेला एक भोपळा १९०४ साली अमेरिकेतील सेंट लुई येथील जागतिक प्रदर्शनात ४०३ पौंड, म्हणजे सुमारे १८३ किलो भरला. हा उच्चांक १९७६ पर्यंत अबाधित राहिला. पुढे कॅनडातीलच नोव्हा स्कॉशिया प्रांतातील विंडसर गावचे शेतकरी हॉवर्ड डिल यांनी अनेक वर्षे निवड करून ‘अटलांटिक जायंट’ हा वाण तयार केला. त्याच्या वंशातील बियांपासून पुढे प्रचंड आकाराची फळे निघू लागली. २०२३ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात हाफ मून बे येथील प्रदर्शनात एक भोपळा १,२४७ किलो भरला. म्हातारीच नव्हे, तर तिचे सारे कुटुंब त्यात बसू शकले असते!

हे आकडे मुलांना अवश्य सांगावेत. परंतु तेवढे वजन आपल्या परसात होईल अशी आशा त्यांना लावू नये. तो वाण थंड रात्री व उन्हाळ्यातील दीर्घ दिवस असलेल्या प्रदेशांचा आहे. शिवाय त्याचा गर पाणचट असून खाण्याच्या दृष्टीने त्याची विशेष ख्याती नाही. आपल्या उद्योगाचा हेतू उच्चांक मोडण्याचा नसून, घरच्या वेलावर घरच्या मुलाने आजवर न पाहिलेले मोठे, गोड व निरोगी फळ धरविणे हा आहे.

आपल्याकडील वाण व वाजवी अपेक्षा

आपल्याकडे लाल भोपळा, तांबडा भोपळा, डांगर अशा नावांनी जे फळ ओळखले जाते, ते बहुधा परदेशातील त्या राक्षसी भोपळ्याहून निराळ्या, पण त्याच वंशातील जातीचे असते. उष्ण हवा त्यास मानवते व त्याचे फळ पुष्कळ दिवस टिकते. सुधारलेल्या वाणांपैकी तामिळनाडूतील कोइमतूर येथे निवडलेल्या ‘को-१’ या वाणाची फळे सरासरी ७ ते ८ किलोंची होतात. मात्र त्यास सुमारे पावणेसहा महिने लागतात. दिल्ली येथील भारतीय कृषि अनुसंधान संस्थेच्या ‘पुसा विश्वास’ या वाणाची फळे सुमारे ५ किलोंची, तर बंगळूर येथील संस्थेच्या ‘अर्का चंदन’ या वाणाची २ ते ३ किलोंची असतात. अनेक गावांत एखाद्या घरी पिढ्यान्‌पिढ्या जपलेले मोठ्या फळाचे स्थानिक बी असते. ते मिळाल्यास प्रथम त्याचाच विचार करावा, कारण ते त्या गावच्या हवापाण्यास सरावलेले असते. परसबागेत प्रथमच लागवड करणाऱ्या मुलाच्या वेलास आठ-दहा किलोंचे फळ आले, तर ते उत्तम यश समजावे.

फळ मोठे कशाने होते ?

फळाचा आकार चार गोष्टींवर अवलंबून असतो : बियाचा वंश, पानांचा विस्तार, वेलावरील फळांची संख्या आणि वाढीस मिळालेले दिवस. पाने सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात व ते अन्न वेलातून फळाकडे जाते. त्याच वेलावर पाच फळे असतील तर त्या अन्नाचे पाच वाटे होतात. एकच असेल तर ते सर्व त्या एकाला मिळते. घरातील भाकरीच्या वाटणीशी तुलना केल्यास लहान मुलासही हे तत्त्व उमगते. सबब मोठे फळ हवे असल्यास आधी मोठा वेल तयार करावा, मग फळ धरू द्यावे व शेवटी एकच फळ राखावे, हा क्रम ध्यानी ठेवावा.

हंगाम व जागा

पावसाळी लागवड जूनच्या उत्तरार्धापासून जुलैपर्यंत करावी. हा काळ शाळा सुरू होण्याचा असल्याने मुलांसाठी सोयीचा असतो. चार-सव्वाचार महिन्यांत तयार होणाऱ्या वाणाचे फळ दिवाळीच्या सुमारास हाती येते. कोकणात व घाटमाथ्यावर मात्र अतिवृष्टीने मुळे कुजतात, फुलांतील पराग धुऊन जातो व फळे धरत नाहीत. तेथे जानेवारी-फेब्रुवारीत बी लावून मे महिन्यात फळ घेणे अधिक श्रेयस्कर असते. उन्हाळी पिकास पाण्याची खात्रीची सोय हवी.

जागा दिवसातून किमान सहा-सात तास ऊन मिळणारी व पाणी न साचणारी असावी. मोठ्या फळाच्या वेलास सुमारे पाच मीटर लांब व तीन मीटर रुंद जागा लागते. गोठ्याच्या छपरावर वेल चढविण्याची पद्धत जुनी व चांगली आहे. परंतु मोठे फळ जमिनीवरच धरवावे, कारण छपरावरील जड फळ घसरण्याचा धोका असतो.

शक्य असल्यास दोन आळी करावीत : एक घरच्या भाजीसाठी व दुसरे मुलाच्या मोठ्या फळासाठी. एकच वेल असला म्हणजे भाजीची निकड व मुलाची हौस यांत तंटा उभा राहतो, आणि अशा वेळी बहुधा मुलाची हौस मागे पडते.

खड्डा व बी

लागवडीपूर्वी पंधरा दिवस दीड ते दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा घ्यावा व तो उन्हात तापू द्यावा. नंतर वरची सुपीक माती, ८ ते १० किलो चांगले कुजलेले शेणखत व पावकिलो निंबोळी पेंड यांचे मिश्रण करून तो भरावा. पावसाळ्यात खड्ड्याच्या जागी चार बोटे उंचवटा राहील अशी माती चढवावी. कच्चे शेण घालू नये; त्यामुळे हुमणी व वाळवी यांचा उपद्रव वाढतो.

बी रात्रभर पाण्यात भिजवावे. एका आळ्यात तीन-चार बिया एकमेकींपासून वीतभर अंतरावर व पेरभर खोल लावाव्यात. साधारणपणे पाच ते आठ दिवसांत अंकुर वर येतो. दोन खरी पाने फुटल्यावर सर्वांत जोमदार असे एकच रोप ठेवावे व इतर रोपे जमिनीलगत कापावीत. ती उपटल्यास राखलेल्या रोपाच्या मुळांना धक्का बसतो. कोणते रोप ठेवावे याचा निर्णय मुलालाच करू द्यावा. मात्र त्याचे कारण त्यास सांगावयास लावावे.

वेलाची निगा

पाणी नेहमी आळ्यात द्यावे, पानांवर ओतू नये. जमीन सतत चिखलासारखी न राहता वाफसा येऊन पुन्हा पाणी मिळावे, असे बेताने पाणी देणे इष्ट. भाजी वा धान्य धुतलेले पाणी आळ्यात सोडण्यास हरकत नाही. परंतु साबण-सोड्याचे पाणी सोडू नये. आळ्यावर वाळलेले गवत किंवा पाचट पसरल्याने ओल टिकते व तण कमी येते.

वेल जमिनीवर पसरू लागल्यावर दर काही पेरांवर ओंजळभर माती टाकावी. तेथे नवीन मुळे फुटतात व वेलास अधिक अन्नपाणी मिळते. लागवडीनंतर सुमारे एक महिन्याने व त्यानंतर पंधरा दिवसांनी प्रत्येक वेळी २० ते २५ ग्रॅम युरिया आळ्याच्या कडेने मातीत मिसळून द्यावा, किंवा त्याऐवजी शेणाची पातळ स्लरी द्यावी. नत्राचा अतिरेक केल्यास वेल माजतो, पाने भरमसाट येतात व फळ धरत नाही.

फुलांची ओळख व हाताने परागीकरण

या उद्योगातील सर्वांत शिकण्याजोगा भाग हाच होय. लागवडीनंतर सुमारे दीड महिन्याने पिवळी फुले दिसू लागतात. प्रारंभीची फुले नर असतात व ती गळून पडतात. त्यामुळे पुष्कळ घरी “वेलाला नुसतीच फुले येतात” अशी तक्रार होते. तथापि त्यात काही बिघडलेले नसते. काही दिवसांनी मादीफुले येतात. त्यांच्या पाकळ्यांखाली सुपारीएवढे इवले फळ असते. नरफुलाखाली केवळ सरळ देठ असतो. हा भेद मुले एकदा दाखविताच ओळखू लागतात.

फूल पहाटे उमलते व सकाळी ऊन वाढताच मिटते. तेवढ्या वेळात मधमाश्यांनी नरफुलातील पराग मादीफुलावर नेला, तरच फळ धरते. पराग न मिळाल्यास इवले फळ पिवळे पडून काही दिवसांत गळते. ढगाळ व पावसाळी दिवसांत मधमाश्या कमी फिरतात, म्हणून हे काम हाताने करणे हितावह असते. त्याची रीत पुढीलप्रमाणे आहे :

१. आदल्या सायंकाळी दुसऱ्या दिवशी उमलणारी, टोकाशी पिवळी पडलेली नर व मादी कळी हेरावी आणि दोहोंची टोके दोऱ्याने सैल बांधावीत.

२. सकाळी सहा ते आठच्या दरम्यान नरफूल देठासह खुडून त्याच्या पाकळ्या काढाव्यात. मध्ये परागाने माखलेला दांडा दिसतो.

३. मादीफुलाचा दोरा सोडून त्याच्या मध्यभागी असलेल्या चिकट भागावर तो दांडा सर्व बाजूंनी हळुवार फिरवावा. शक्य असल्यास दोन-तीन नरफुले वापरावीत.

४. मादीफूल पुन्हा दोऱ्याने बांधावे, म्हणजे पावसाने पराग धुऊन जात नाही. देठास रंगीत चिंधी बांधून वहीत तारीख लिहावी.

पुढील सात-आठ दिवसांत फळ फुगू लागले की परागीकरण साधले असे समजावे. उरलेल्या नरफुलांची भजी करता येतात. मात्र मधमाश्यांसाठी काही फुले वेलावर राहू द्यावीत.

एकच फळ राखणे

मुळापासून दोन-अडीच मीटर अंतरावर धरलेले फळ राखण्यास योग्य असते, कारण तोपर्यंत त्याच्यामागे पुरेशी पाने तयार झालेली असतात. प्रारंभी दोन-तीन फळे धरू द्यावीत. ती नारळाएवढी झाल्यावर सर्वांत वेगाने वाढणारे, सुडौल व डाग नसलेले एक ठेवून बाकीची काढावीत. यापूर्वी घाई केल्यास आणि राखलेले एकमेव फळ किडीने गेल्यास सारा हंगाम वाया जातो.

हे काम मुलांना जड जाते. स्वतः परागीकरण करून धरविलेले फळ खुडणे त्यांच्या जिवावर येते व त्यात गैर काही नाही. वडील माणसांनी मूल शाळेत गेले असता परस्पर फळे खुडू नयेत. भाकरीच्या वाटणीचे तत्त्व पुन्हा समजावून द्यावे, मुलाच्याच हाती विळी न देता चाकूचे काम आपण करावे, पण कोणते फळ ठेवावयाचे ते त्याने ठरवावे. खुडलेल्या कोवळ्या फळांची त्याच दिवशी घरी भाजी करावी. आपण काढलेले फळ वाया गेले नाही हे पाहून मुलाचे समाधान होते.

राखलेल्या फळाखाली वाळलेल्या गवताची जाड गादी किंवा लाकडी फळी ठेवावी, म्हणजे ओल्या जमिनीने ते कुजत नाही. कडक उन्हात वर गोणपाटाची सावली करावी. फळ वारंवार फिरवू नये. देठ मोडण्याची भीती असते.

कीड व रोग : मुलांच्या हाती औषध नको

रोप दोन पानांचे असताना तांबडे भुंगेरे पाने कुरतडतात. सकाळच्या गारव्यात ते सुस्त असतात. त्या वेळी ते वेचून साबणाच्या पाण्यात टाकावेत. पानांवर दव असताना चाळलेली राख धुरळल्यानेही त्यांस आळा बसतो.

फळमाशी कोवळ्या फळात अंडी घालते. आतील अळ्यांमुळे फळ सडते. यावर उत्तम उपाय म्हणजे परागीकरणानंतर दोन-तीन दिवसांनी फळावर जुन्या धोतराचे पातळ फडके सैल बांधणे व फळ वाढेल तसे ते सैल करीत जाणे. किडके व गळालेले फळ उकिरड्यावर टाकू नये; ते खोल पुरावे, अन्यथा त्यातूनच पुढील माश्या निपजतात. फळमाशीसाठी मिळणारे गंधसापळेही उपयोगी पडतात.

पानांवर पांढरी भुकटी, म्हणजे भुरी दिसू लागताच जुनी रोगट पाने काढून जाळावीत व वेलात हवा खेळती ठेवावी. पाने आकसून हिरवे-पिवळे ठिपके पडल्यास तो केवड्यासारखा दिसणारा विषाणुरोग असण्याचा संभव असतो. असा वेल उपटून नष्ट करावा व मावा किडीवर लक्ष ठेवावे.

पूर्वी भोपळ्यावरील भुंगेऱ्यांसाठी बी.एच.सी. भुकटी सर्रास सुचविली जात असे. या औषधावर भारतात १९९७ साली बंदी आली. घरात कोठे जुनी पुडी पडून असेल तर ती कदापि वापरू नये. मुलांच्या बागेत विषारी औषध न वापरणे हाच सुरक्षित नियम होय. शेतातील फवारणीचे पाणी वा रिकामे डबे परसात आणू नयेत. सकाळी फुले उमललेली असताना जवळच्या पिकावर फवारणी केल्यास मधमाश्या मरतात, हेही ध्यानात ठेवावे. दाट वेलाखाली साप-विंचू असू शकतात. म्हणून मुलांनी अंधारात तेथे जाऊ नये व पाने हाताने न उचलता काठीने बाजूस सारावीत. बागेतील कामानंतर हात साबणाने धुण्याची सवय लावावी.

सुतळी आणि वही

फळ धरल्यावर दर रविवारी मुलाने सुतळीने त्याचा घेर मोजून वहीत लिहावा. फळ धरल्यानंतरच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांत वाढ सर्वांत झपाट्याने होते, पुढे ती मंदावते. मुलांनी काढलेल्या आलेखात ही गोष्ट स्पष्ट उमटते. येथेच गणिताचा एक सुंदर धडा आहे. फळाचा आकार तोच राहून घेर दुप्पट झाला, तर वजन दुप्पट न होता सुमारे आठपट होते. कारण फळ लांबी, रुंदी व उंची अशा तिन्ही अंगांनी वाढते. ४० सेंटीमीटर घेराचे फळ ८० सेंटीमीटरचे झाले, म्हणजे केवढी मजल मारली ते मुलांना यावरून उमजते.

काढणी व एक महत्त्वाची सूचना

साल कठीण होऊन नखाने टोचत नाही, रंग पालटतो व देठ वाळून बुचासारखा होतो, तेव्हा फळ तयार झाले असे समजावे. दोन-तीन इंच देठ राखून ते कापावे. फळ देठाला धरून उचलू नये. कोरड्या, हवेशीर जागी असे फळ दोन-तीन महिने टिकते. भाज्यांची टंचाई असलेल्या काळात ते घरास आधार देते.

फळ चिरल्यावर कच्च्या गराचा अगदी लहान तुकडा वडील माणसाने जिभेवर ठेवून पाहावा. तो कडू लागल्यास थुंकून टाकावा व सर्व फळ फेकून द्यावे. काही वेळा भोपळावर्गीय फळांत कडू विषारी द्रव्य वाढते. त्याने उलट्या व जुलाब होतात आणि शिजविल्याने ते नाहीसे होत नाही. कितीही श्रमाने वाढविलेले फळ असले तरी या बाबतीत हयगय करू नये. अशा फळाचे बीही राखू नये.

उत्तम फळाचे बी धुऊन सावलीत वाळवावे व कोरड्या बाटलीत राख घालून ठेवावे. वर सांगितल्याप्रमाणे फुले बांधून त्याच वेलाचा पराग वापरला असेल, तर बियांचा वंश शुद्ध राहतो. संकरित वाणाचे बी मात्र पुढील वर्षी तसेच फळ देईल असा भरवसा नसतो.

आहारातील मोल

लाल भोपळ्याच्या पिवळ्या-केशरी गरात कॅरोटीन असते व शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व तयार करते. या जीवनसत्त्वाच्या अभावी मुलांना रातांधळेपणा येतो व उपेक्षा झाल्यास दृष्टी कायमची जाऊ शकते. कॅरोटीन अंगी लागण्यास थोडा स्निग्धांश हवा असतो. म्हणून तेलाच्या फोडणीची भाजी, दह्यातले भरीत किंवा गुळाचे घारगे हे आपल्या घरातील प्रकार केवळ रुचीचेच नव्हेत, तर शहाणपणाचेही आहेत. भोपळ्याची कोवळी पानेही भाजीस चालतात. मात्र अ जीवनसत्त्वाचे डोस लहान बालकांना वेळच्या वेळी पाजावेतच; देशात हा कार्यक्रम १९७० पासून चालू असून भोपळा हा त्याचा पूरक होय, पर्याय नव्हे.

कार्यकर्त्यांनी काय करावे ?

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी जूनपूर्वी गावातील चांगल्या स्थानिक बियांचा शोध घ्यावा. पाच-दहा इच्छुक मुलांना, मुलगे व मुली दोघांनाही, बी द्यावे. फुले येण्याच्या सुमारास एखाद्या सकाळी सर्वांना एका परसात जमवून हाताने परागीकरण करून दाखवावे. हे प्रात्यक्षिक घड्याळात आठ वाजण्यापूर्वी करावे. उशिरा गेल्यास मिटलेली फुले दाखवून परतावे लागेल! हंगामाच्या शेवटी धान्याच्या काट्यावर सर्वांची फळे जाहीरपणे तोलावीत. सर्वांत जड फळाबरोबरच सर्वांत नीट ठेवलेल्या वहीचीही प्रशंसा करावी, कारण ज्याचे फळ किडीने गेले त्या मुलाच्या वहीत पुढील वर्षाच्या यशाचे बी असते.

तोलणी झाल्यावर फळे तेथेच चिरून सर्वांनी मिळून खावीत व बिया वाटून घ्याव्यात. ज्या मुलाने एक वेल चार महिने सांभाळला, त्याला शेती म्हणजे काय हे निराळे शिकवावे लागत नाही. पुढील मृगात ते स्वतःहून बियांची बाटली घेऊन परसात येते.